साथ, शस्त्रक्रिया आणि स्त्रिया : प्लेगपासून कोविडपर्यंत एका भीतीचा इतिहास

१/२४
एप्रिल २०२०. देशभर टाळेबंदी लागू होती. अन्य ठिकाणांप्रमाणे नांदेड आणि लातूर येथेही तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या. गर्भपिशवीतील गाठ, पित्ताशयातील खडे, हर्निया, कुटुंब नियोजन अशा कारणांसाठी ज्या स्त्रियांना तारीख मिळाली होती, त्यांना घरीच थांबावे लागले. परंतु बाळंतपण कोणासाठी थांबत नाही. बाळ आडवे असलेली, रक्तदाब वाढलेली, अंगावरून रक्त जाणारी स्त्री टाळेबंदी उठण्याची वाट पाहू शकत नव्हती. तिला त्या काळातच शस्त्रक्रियेच्या मेजावर जावे लागले.

२/२४
शस्त्रक्रियेची भीती सर्वांनाच वाटते. साथीच्या काळात मात्र या भीतीचे रूप पालटते. ‘दुखेल का’ हा प्रश्न मागे पडतो आणि दुसरेच प्रश्न पुढे येतात. तपासणीत दोष निघाला तर कोठे नेतील? सोबत कोणाला राहू देतील? अंगाला हात कोण लावणार? भूल दिल्यावर शुद्धीत आले नाही, तर घरच्यांना चेहरा तरी पाहता येईल का? दवाखान्यात जायचे ते बरे होण्यासाठी, पण तेथूनच आजार घरी आला तर लेकरांचे काय?

३/२४
हे प्रश्न २०२० मध्ये प्रथम विचारले गेले, असे नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या प्लेगच्या काळात जवळजवळ हेच प्रश्न स्त्रियांनी विचारले होते. त्यांना काय उत्तर मिळाले, यावर पुढचे बरेच काही ठरले. हा धागा त्या उत्तरांचा आहे.

एक भौगोलिक बाब आधी स्पष्ट करायला हवी. त्या काळी नांदेड आणि लातूर हे दोन्ही भाग निजामाच्या हैदराबाद राज्यात होते. लातूर हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता. १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद जिल्ह्यातून तो वेगळा झाला. त्यामुळे या प्रदेशातील आधुनिक वैद्यकाचा इतिहास शोधताना एका बाजूला मुंबई-पुणे आणि दुसऱ्या बाजूला हैदराबाद अशा दोन्ही दिशांना पाहावे लागते.

४/२४
प्रथम मुंबई. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी ग्रंथिक ज्वराचे म्हणजेच प्लेगचे निदान केले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग प्रतिबंधक कायदा आला. घरे तपासणे, प्रवाशांना अडवणे, रुग्णाला सक्तीने रुग्णालयात हलवणे असे व्यापक अधिकार त्यामुळे सरकारला मिळाले. १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्रात कोविडसाठी हाच कायदा पुन्हा लागू झाला.

५/२४
प्लेगची तपासणी कशी होत असे, हे समजल्याशिवाय स्त्रियांची भीती समजत नाही. प्लेगच्या गाठी मान, काख आणि जांघ येथे येतात. म्हणजे तपासणी करायची तर याच जागा चाचपून पाहायच्या. रेल्वे स्थानकांवर, रस्त्यांवर, घराच्या अंगणात परक्या पुरुषाने परक्या लोकांदेखत ही तपासणी करणे हा त्या काळच्या स्त्रीसाठी, मग ती कोणत्याही धर्माची वा जातीची असो, असह्य अपमान होता. आजाराआधी अब्रूचा प्रश्न उभा राहत होता. पडद्यातील स्त्रियांची गोष्ट निराळीच. त्यांपैकी अनेकींना तोवर परक्या पुरुषाने पाहिलेलेही नव्हते.

६/२४
यात शस्त्रक्रियेची भीती मिसळली. इस्पितळात माणसे कापतात, त्यांचे अवयव काढून घेतात, अशा अफवा मुंबईत पसरल्या. राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याची विटंबना झाल्याने राणीने सूड म्हणून मुंबईकरांची काळजे मागवली आहेत, अशीही एक अफवा होती. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला.

अफवा खोटी होती. परंतु तिच्या मुळाशी असलेला अनुभव खरा होता. रुग्ण आत जात आणि त्यांतील बहुतेक जिवंत परत येत नसत, कारण प्लेगवर तेव्हा औषधच नव्हते. आत काय घडते, हे बाहेर थांबलेल्यांना कोणी सांगत नव्हते. या रिकाम्या जागेत अफवा शिरली.

७/२४
पुण्यात १८९७ च्या मार्चपासून डब्ल्यू. सी. रँड यांच्या समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरझडती सुरू केली. २२ जून रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, ही घटना सर्वपरिचित आहे. त्या मानाने कमी परिचित आहे तो पंडिता रमाबाईंचा निषेध. त्याच वर्षी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात त्यांनी पुण्यातील प्लेग रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी, विशेषतः आपल्या संस्थेतील एका मुलीच्या संदर्भात, उघड तक्रार केली. तो विषय ब्रिटिश संसदेपर्यंत गेला. सरकारने आरोप नाकारले.

रमाबाई आधुनिक वैद्यकाच्या विरोधक नव्हत्या. स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावे, अशी मागणी त्यांनी १८८२ मध्येच हंटर आयोगापुढे केली होती. त्यांचा आक्षेप उपचाराला नव्हता, त्या उपचारात स्त्रीला कसे वागवले जाते याला होता.

८/२४
त्याच काळात हडपसरनजीक सासाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला होता. तेथे रुग्णांची शुश्रूषा सावित्रीबाई फुले करत होत्या. मुंढव्याच्या गायकवाड कुटुंबातील आजारी मुलाला त्यांनी स्वतः वाहून आणले. संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

एकाच महिन्यात, एकाच शहरात, एकाच रोगाला दिलेले हे दोन प्रतिसाद आहेत. एका ठिकाणी रुग्णाला शिपाई नेत होते, दुसऱ्या ठिकाणी ओळखीची बाई. रुग्णालयाचे दार कोण उघडते, यावर रुग्णाची भीती किती अवलंबून असते, हे यावरून दिसते.

९/२४
९ मार्च १८९८. मुंबईच्या मदनपुरा भागात मुस्लिम विणकरांची वस्ती होती. तपासणी पथक सुमारे बारा वर्षांच्या एका आजारी मुलीला नेण्यासाठी आले. घरच्यांनी नकार दिला. मुलीला पुरुषाने हात लावू नये, हा त्यांचा आक्षेप होता. वाद वाढला, जमाव जमला, दगडफेक झाली, गोळीबार झाला आणि दोन्ही बाजूंची माणसे मेली. दंगल शहराच्या इतर भागांत पसरली.

एका मुलीला कोणी तपासावे, या प्रश्नावरून एक महानगर पेटले. या प्रश्नाला सोपे उत्तर होते : स्त्री डॉक्टर. ते उत्तर पथकाबरोबर नव्हते.

१०/२४
यानंतर धोरण हळूहळू बदलले. सक्ती सैल झाली. विविध जाती-धर्मांच्या मंडळींनी चालवलेली स्वतंत्र प्लेग रुग्णालये वाढू दिली गेली. तेथे आपले अन्न, आपली भाषा आणि सोबतीला आपले माणूस मिळत असे. स्त्रियांच्या तपासणीसाठी स्त्रिया नेमल्या जाऊ लागल्या. ज्या लोकांनी रुग्णालयावर दगड मारले होते, तेच लोक आपापल्या समाजाच्या रुग्णालयात जाऊ लागले. रोग तोच होता आणि औषध तेव्हाही नव्हते. बदलली होती ती केवळ वागणूक.

११/२४
भीतीला कधीकधी ठोस आधारही होता. वाल्देमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे ती लाखोंना दिली गेली आणि तिने असंख्य जीव वाचवले. परंतु ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल या गावी एका दूषित बाटलीतून लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. सुईला घाबरणाऱ्या बाईला ‘अडाणी’ म्हणणाऱ्यांनी मलकोवाल लक्षात ठेवावे. वैद्यक उपयुक्त असते आणि तरीही चुकते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

१२/२४
आता हैदराबादकडे, म्हणजे ज्या राज्यात नांदेड आणि लातूर होते तिकडे वळू. शस्त्रक्रियेच्या भीतीत भुलीची भीती मोठी असते. भुलीच्या जागतिक इतिहासात हैदराबादला स्वतंत्र स्थान आहे.

१८४६ मध्ये बोस्टनमध्ये ईथरचा आणि १८४७ मध्ये एडिंबरोमध्ये क्लोरोफॉर्मचा वापर सुरू झाला. १८५३ मध्ये खुद्द राणी व्हिक्टोरियाने बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतले. जिच्या नावाने मुंबईत काळजे कापण्याची अफवा पसरली, तिनेही एकेकाळी भुलीवर विश्वास टाकला होता. मात्र तिच्याजवळ त्या काळचे नामांकित भूलतज्ज्ञ जॉन स्नो उपस्थित होते. सर्वसामान्य बाईजवळ कोण असणार होते?

१३/२४
क्लोरोफॉर्मने काही रुग्ण अचानक दगावत. आधी श्वास थांबतो की हृदय, यावर जगभरातील डॉक्टरांत वाद होता. हैदराबादेतील सर्जन एडवर्ड लॉरी यांचे मत होते की श्वासाकडे लक्ष ठेवले तर क्लोरोफॉर्म सुरक्षित आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आर्थिक साहाय्याने १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग बसले. दुसऱ्या आयोगासाठी ‘लॅन्सेट’ने लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाठवले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरींच्या बाजूने लागला.

१९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की क्लोरोफॉर्ममुळे हृदयाची लय बिघडून ते थेट बंद पडू शकते. म्हणजे ‘भूल दिल्यावर उठले नाही तर?’ असे विचारणाऱ्या बाईची शंका रास्त होती. त्या काळच्या तज्ज्ञांनाही तिचे पुरते उत्तर ठाऊक नव्हते.

१४/२४
याच हैदराबादेत त्या शंकेला दुसऱ्या प्रकारचे उत्तर मिळाले. १८८५ मध्ये हैदराबाद मेडिकल स्कूलमध्ये स्त्रियांना प्रवेश मिळाला. त्या पहिल्या विद्यार्थिनींत रूपाबाई फर्दूनजी होत्या. शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांनी रुग्णालयांत भूल देण्याचे काम केले. जगातील आरंभीच्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. पुढील अभ्यासासाठी १९०९ मध्ये त्या एडिंबरोलाही गेल्या.

त्याच वर्षी, १८८५ मध्ये, हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्री डॉक्टरांची सेवा मिळावी म्हणून डफरिन फंड स्थापन झाला. १८८६ मध्ये मुंबईत कामा रुग्णालय उभे राहिले. स्त्रियांच्या भीतीकडे तुच्छतेने न पाहता ती मागणी म्हणून ऐकली, तेव्हा त्यातून संस्था उभ्या राहिल्या.

१५/२४
परंतु हे सारे राजधानीत. मराठवाड्याच्या खेड्यात बाळंतपण सुईणीच्या हाती होते आणि ते अडले तर दैवाच्या. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर नांदेडहून गेला. लातूरला बार्शी लाइट रेल्वे पोहोचली ती १९११ मध्ये. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ चे, अंबाजोगाईचे १९७० च्या दशकातील, नांदेडचे १९८८ चे आणि लातूरचे २००२ चे.

या सनावळीचा अर्थ असा, की आज साठी-सत्तरीत असलेल्या या भागातील अनेक स्त्रियांच्या आयांनी शस्त्रक्रियागृहाचे दार कधी पाहिलेच नव्हते. घरातील दोन-तीन पिढ्यांच्या आठवणीत मोठ्या दवाखान्याचा अर्थ एकच होता : सर्व उपाय थकल्यावर न्यायची जागा. जेथून बहुधा कोणी परत येत नाही, अशी जागा.

१६/२४
१९१८ चा इन्फ्लुएन्झा हा याच आठवणीतील आणखी एक थर. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे त्यात गेली. हैदराबाद राज्याची लोकसंख्या १९११ मध्ये सुमारे १ कोटी ३४ लाख होती, ती १९२१ मध्ये १ कोटी २५ लाखांवर आली. साथ आणि दुष्काळ यांचा तो एकत्रित घाला होता.

त्या साथीत देशात स्त्रियांचे मृत्यू पुरुषांहून अधिक प्रमाणात झाले. कुपोषण, गरोदरपण आणि घरातील प्रत्येक आजाऱ्याची शुश्रूषा करण्याची जबाबदारी ही त्याची कारणे मानली जातात. ‘मी आडवी झाले तर घराचे कसे होईल’ या काळजीमागे असा इतिहास आहे.

१७/२४
स्वातंत्र्यानंतर शस्त्रक्रिया खेड्यात आली, ती प्रामुख्याने कुटुंब नियोजनाच्या रूपाने. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील बहुसंख्य पुरुषांवर होत्या. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये संमतही केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही.

१९७७ मध्ये सत्तापालट झाला. पुरुषांच्या रोषाची राजकीय किंमत सरकारांना कळली आणि कार्यक्रमाचा सारा भार स्त्रियांकडे सरकला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील सुमारे ४९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पुरुषांचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. पुरुषांची भीती धोरण बदलू शकली. स्त्रियांच्या भीतीची तेवढी दखल घेतली गेली नाही.

१८/२४
शिबिर हा शब्द ग्रामीण स्त्रीच्या शस्त्रक्रियेशी जोडला गेला तो याच काळात. रांगेत बसायचे, नाव पुकारल्यावर आत जायचे, काही मिनिटांत टाके घालून बाहेर यायचे. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूरनजीकच्या शिबिरात एका दिवसात ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर तेरा स्त्रियांचा मृत्यू झाला. १४ सप्टेंबर २०१६ रोजी देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करावीत, असा आदेश दिला. बाईला तिच्या भाषेत परिणाम समजावून सांगितल्याशिवाय घेतलेली सही ही संमती ठरत नाही, हा या प्रकरणातील कळीचा मुद्दा होता.

१९/२४
साथ येण्याच्या अगदी आदल्या वर्षी, २०१९ मध्ये, लातूरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहापैकी एकीची. अनेकींना पिशवी काढली नाही तर कर्करोग होईल, असे सांगण्यात आले होते.

म्हणजे भीतीचा उपयोग उलट बाजूनेही होतो. शस्त्रक्रियेला घाबरणाऱ्या बाईला दुसऱ्या मोठ्या भीतीने मेजावर आणता येते. २०२० मध्ये मराठवाड्यातील स्त्री जेव्हा ‘ऑपरेशन’ हा शब्द ऐकत होती, तेव्हा या सगळ्या आठवणी तिच्या आसपास होत्या.

२०/२४
कोविडने नेमके काय बदलले? पहिले, सोबत तुटली. आपल्याकडे रुग्णालयात बाई एकटी कधीच नसते. आई, जाऊ, नणंद, शेजारीण कोणीतरी उशाशी असते. कोविड कक्षात ती नव्हती. दुसरे, माहेर तुटले. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत, पण सप्टेंबर २०२० पर्यंत जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता. देगलूर-बिलोलीची माहेरवाशीण तेलंगणात, उदगीर-निलंग्याची बिदरकडे अडकली की मध्ये राज्याची सीमा होती. तिसरे, चेहरे हरवले. संरक्षक पोशाखात डॉक्टर कोण आणि परिचारिका कोण, हसत आहे की रागावली आहे, काहीच कळत नव्हते. आणि चौथे, सक्तीची चाचणी. प्रतिबंधित क्षेत्रातील, पाच दिवसांत बाळंत होऊ शकणाऱ्या स्त्रीची लक्षणे नसली तरी चाचणी करावी, असे आयसीएमआरने एप्रिल २०२० मध्ये सांगितले. वैद्यकीयदृष्ट्या ते योग्यच होते. पण दोष निघाला तर बाळ जवळ देतील का, या प्रश्नाचे उत्तर त्या कागदावर नव्हते.

२१/२४
ही भीती कितपत रास्त होती? मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये २४ देशांतील २३५ रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या सुमारास कोविडची लागण झालेल्या १,१२८ रुग्णांपैकी २३.८ टक्के तीस दिवसांत दगावले होते. आकडा भयंकर होता. परंतु त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती : धोका पुरुषांना आणि सत्तरीपुढील रुग्णांना अधिक होता. पुढे २०२१ मध्ये ११६ देशांतील १,४०,२३१ रुग्णांच्या अभ्यासातून कळले की लागण झाल्यानंतर सात आठवडे थांबून शस्त्रक्रिया केल्यास धोका बराच कमी होतो.

तिशीतील निरोगी बाईसाठी ही माहिती दिलासा देणारी होती. भीती पोहोचली, दिलासा तितक्या दूर पोहोचला नाही. साथीचा आकडा गावोगाव जातो, त्याचा अर्थ सांगणारा माणूस मागे राहतो.

२२/२४
भीतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. भीतीने उशीर होतो आणि उशीर जीव घेतो. स्तनातील गाठ लपवली, रक्तस्राव अंगावर काढला, ‘सोयाबीनची काढणी झाल्यावर पाहू’ म्हणत तारीख पुढे नेली, की रोग आपले काम करत राहतो. साथीमुळे सेवा सर्वाधिक विस्कळीत झालेल्या बारा आठवड्यांत जगभरात सुमारे २ कोटी ८० लाख शस्त्रक्रिया रद्द वा स्थगित होतील, असा अंदाज २०२० मध्ये मांडला गेला होता. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस आला, तेव्हा तर उशिराची किंमत डोळा किंवा जबडा होती. म्हणून प्रश्न भीती असावी की नसावी हा नाही. भीती ऐकून घेऊन तिला वेळेत उत्तर कोण देते, हा आहे.

२३/२४
ऐकायचे कसे, हे वैद्यकाने पुढे मोजूनही पाहिले. १९९६ मध्ये ॲमस्टरडॅम येथे शस्त्रक्रियेपूर्वीची चिंता मोजण्याची एक छोटी प्रश्नावली तयार झाली. तिच्यात केवळ सहा विधाने आहेत : चार चिंतेविषयी आणि दोन माहितीच्या गरजेविषयी. भीती आणि माहितीची भूक यांचा एकत्र विचार करावा लागतो, हे तिने मान्य केले.

आपल्या कायद्यानेही एक पाऊल टाकले. समीरा कोहली खटल्यात १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की जीव तातडीने धोक्यात नसताना सज्ञान स्त्रीच्या शस्त्रक्रियेस तिच्या आईने दिलेली संमती चालत नाही. संमती तिचीच हवी. नसबंदीसाठी नवऱ्याची सही आवश्यक नाही, असे शासकीय मानकेही सांगतात. गावच्या दवाखान्यात आजही पहिला प्रश्न ‘सोबत कोण आहे, सही कोण करणार’ असाच असतो. तो पुष्कळदा काळजीपोटी विचारला जातो. पण बाईला विचारल्यानंतर तो विचारला पाहिजे.

२४/२४
मदनपुऱ्यातील मुलीचे नाव इतिहासात ठळकपणे उरले नाही. रँडचे उरले. साथींचा इतिहास आदेश, आकडे आणि अधिकारी यांच्या कागदांतून लिहिला जातो. मेजावर झोपलेल्या बाईला काय वाटले, हे त्या कागदांत क्वचितच सापडते. कोविडची साथ मात्र अजून जिवंत आठवणीत आहे. त्या दोन वर्षांत सिझर झालेल्या, पिशवीचे ऑपरेशन पुढे ढकललेल्या, एकट्याने वॉर्डात रात्री काढलेल्या स्त्रिया नांदेड-लातूरच्या प्रत्येक गल्लीत आहेत. तुमच्या घरातही असतील : आई, मावशी, वहिनी.

इतिहासाची आवड असणाऱ्याने हातात घ्यावे असे हे काम आहे. एखाद्या संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून विचारा : तेव्हा कशाची भीती वाटली होती? कोणाच्या कोणत्या शब्दाने धीर आला? त्यांची परवानगी घ्या, वर्ष आणि गाव लिहून ठेवा, नाव सांगायचे नसेल तर आग्रह धरू नका. पुढची साथ येईल तेव्हा नियमावली तयार करणाऱ्यांना औषधांची यादी मिळेलच. धीर कोणत्या शब्दाने येतो याची यादी मात्र आजच करून ठेवावी लागेल.

(धागा समाप्त)